आयरिश स्ट्यू : भांडे खरे, बाटली खोटी

मार्च महिना लागला आणि संत पॅट्रिक यांचा सण जवळ आला, की इंग्रजी नियतकालिकांच्या पाककृतीच्या पानांवर एक पदार्थ न चुकता अवतरतो : ‘पारंपरिक आयरिश बीफ स्ट्यू’. सोबत चित्र असते. काळसर दाट रस्सा, त्यात गोमांसाचे मोठाले तुकडे, बटाटा, गाजर. बाजूला स्टाउट नावाच्या काळ्या बिअरची बाटली आणि हिरवी फीत. खाली कृती असते : सर्व जिन्नस विजेच्या स्लो कुकरमध्ये टाका, बटण फिरवा आणि कामावर जा. आणि प्रस्तावनेत एक वाक्य हमखास असते, की आयर्लंडचा शेतकरी शतकानुशतके हेच जेवत आला आहे.

या पानांवर टीका करणारेही पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा रोख असतो तो त्या विजेच्या भांड्यावर. ‘आजीच्या चुलीवरचा पदार्थ यंत्रात कसा होईल?’ असे ते विचारतात. गोमांस, स्टाउट आणि तो तथाकथित इतिहास मात्र ते निमूटपणे गिळतात. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या साऱ्या सरंजामात आयर्लंडच्या जुन्या चुलीशी खरे नाते सांगणारी वस्तू कोणती असेल, तर ती ते भांडेच. बाटली उपरी आहे. आणि गोमांसाची कथा तर अशी आहे, की ती ठाऊक असलेला मनुष्य ‘शतकानुशतके’ हा शब्द लिहिताना क्षणभर तरी थांबेल.

प्रथम गोमांसाचेच पाहू. आयर्लंडमध्ये गाईंना तोटा कधीच नव्हता. तेथील प्राचीन ब्रेहन कायद्यांत माणसाची पत गुरांवर मोजली जाई. त्या भूमीचे सर्वांत गाजलेले वीरकाव्य एका बैलासाठी झालेल्या स्वारीचे आहे. परंतु गाय ही संपत्ती होती, आणि संपत्ती कोणी रोज कापून खात नाही. सामान्य आयरिश माणूस गाईचे दूध, ताक, लोणी आणि दही यांवर जगे. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडने १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांनी आयर्लंडची जिवंत गुरे आपल्या बाजारात येण्यास आधी अडथळा आणि मग बंदी केली. तेव्हा व्यापाऱ्यांनी ती गुरे आयर्लंडमध्येच कापून मांस मिठात खारवले, पिंपांत भरले आणि कॉर्क बंदरातून जगभर धाडले. ते मांस गलबतावरच्या खलाशांनी खाल्ले, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर खाल्ले गेले. ज्याच्या कुरणात ती गुरे चरत होती, तो मात्र बटाटा सोलत बसला होता.

बटाटा हा शब्द मी सहज वापरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमधील सुमारे तीस लाख माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच किलोपर्यंत बटाटे खाई, सोबत ताक. घरात डुक्कर पाळलेले असे. पण तेही विकून जमीनदाराचा खंड भरायचा असे. म्हणूनच त्या डुकराला लोक विनोदाने ‘घराचा खंड भरणारे सद्गृहस्थ’ म्हणत. ज्या पदार्थाला आयरिश स्ट्यू हे नाव प्रथम पडले, तोही गोमांसाचा नव्हे. मेंढीचे, तेही बहुधा म्हाताऱ्या मेंढीचे चिवट मांस, बटाटे, कांदे आणि पाणी, बस्स. त्यात गाजर चालते की नाही, यावर तेथील माणसे आजही हिरिरीने भांडतात.

मग १८४५ साल उजाडले. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या रोगाने बटाट्याचे पीक शेतातच काळे पडून कुजले. १८५२ पर्यंत ही आपत्ती पुरती सरली नाही. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि भुकेच्या पाठोपाठ आलेल्या तापांनी मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. या साऱ्या काळात आयर्लंडच्या बंदरांतून गुरे आणि लोणी इंग्लंडकडे जातच राहिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की १८४७ मध्ये बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्याहून अधिक होते. परंतु ते विकत घेण्यास ज्याच्या हाती दमडी नाही, त्याला त्या हिशेबाचा काय उपयोग?

त्याच १८४७ च्या एप्रिलमध्ये डब्लिन शहरात एक आदर्श सूपगृह उघडले. सरकारने त्यासाठी लंडनच्या रिफॉर्म क्लबचा ख्यातनाम फ्रेंच आचारी अलेक्सिस सोये याला पाचारण केले होते. एका वेळी शंभर माणसे आत घ्यायची. वाडग्याजवळचे चमचे साखळीने बांधलेले. घंटा वाजली की ती बाहेर आणि पुढली शंभर आत. उद्घाटनाच्या दिवशी शहरातील प्रतिष्ठितांना हे दृश्य पाहण्यासाठी बोलावले होते. सोयेचा हेतू वाईट नव्हता. तो कळवळ्याचा माणूस होता. पण त्याची कृती वाचा. शंभर गॅलन पाण्यास साडेबारा पौंड गोमांस, तेही पायाच्या नळीचे. आपल्या मापात सांगायचे, तर नऊ लिटर पाण्यात सुमारे ११५ ग्रॅम. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या सुपाच्या पौष्टिकतेवर तेव्हाच कठोर टीका केली होती.

प्रिय वाचक, गुरांनी भरलेल्या त्या देशात भुकेल्या माणसाच्या वाट्याला गोमांस आले ते या प्रमाणात. त्यातही काही ठिकाणी सुपाच्या वाडग्यामागे अट उभी होती. काही प्रोटेस्टंट मिशनांनी धर्म बदलण्याच्या बोलीवर सूप वाढले. ‘त्याने सूप घेतले’ हे शब्द पुढे कित्येक पिढ्या एखाद्या घराण्यावर कलंकासारखे चिकटून राहिले. त्याच काळात क्वेकर पंथाच्या मंडळींनी कोणतीही अट न घालता हजारोंना जेवू घातले, हेही त्या समाजाने विसरू दिले नाही. अन्नाच्या वाडग्याला असा इतिहास असतो. त्यावर हिरवी फीत बांधून तो झाकता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे गोमांसाचा स्ट्यू आयरिश नव्हेच, तो आम्ही करूच नये?’ असे मी म्हणत नाही. शुद्धतेचा सोटा घेऊन दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरणारा मी नव्हे. गोमांसाचा स्ट्यू आयरिश आहे. पण तो घर सोडून गेलेल्या आयरिश माणसाचा आहे. बोस्टन, न्यूयॉर्क, लिव्हरपूल येथे पोहोचलेल्या, गोदीत आणि रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या माणसाच्या हाती आठवड्याचा पगार पडू लागला. तेव्हा मायदेशी ज्या मांसाकडे नुसते पाहण्याचीच मुभा होती, ते त्याने विकत घेतले. अमेरिकेत संत पॅट्रिकच्या दिवशी खारवलेले गोमांस आणि कोबी खातात, त्याचाही उगम हाच. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत आयरिश बाईने ते मांस शेजारच्या यहुदी खाटकाकडून घेतले. आयर्लंडमध्ये त्या जागी डुकराचे मांस असे. देशांतराने पदार्थ बदलला, यात लाज कसली? लाज आहे ती या बदलाचे कारण पुसून टाकण्यात. घरी उपाशी होतो, म्हणून परदेशी पोटभर जेवलो. हे सत्य ‘आम्ही नेहमीच असे जेवत होतो’ या वाक्याने मरते.

२०१७ आणि २०२३ या वर्षी १७ मार्च हा दिवस उपवासकाळातील शुक्रवारी आला. तेव्हा अमेरिकेतील अनेक बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतातील भाविकांना त्या दिवशी मांसवर्ज्यतेतून सूट दिली. त्या सुटीवर माझा आक्षेप नाही. तो त्यांचा अधिकार, आणि सणाचा आनंद हाही धर्मच. पण ती सूट घेऊन गोमांसाच्या ताटावर बसणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे, की ज्यांच्या नावाने आपण हा सण करतो त्यांच्या कित्येक पिढ्यांनी वर्षाचे बाराही महिने मांसाविना काढले, आणि त्यांना ती सूट कोणी दिली नव्हती.

आता बाटली. जुन्या आयरिश स्ट्यूत स्टाउट नाही, पाणी आहे. गोमांस बिअरमध्ये शिजवण्याची मुरलेली रीत पाहायची, तर ती बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सापडेल. आज आयर्लंडच्या खानावळींतून स्टाउट घातलेला स्ट्यू सर्रास मिळतो, आणि तो रुचकर लागतो हे मी नाकारत नाही. आक्षेप आहे तो बाटली म्हणजेच आयर्लंड, या समजुतीवर. ज्या देशात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कपुचिन धर्मगुरूंनी १८३८ पासून संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ उभारली आणि लाखो लोकांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली, त्या देशाची ओळख एका बाटलीत बुडवणे हा बाजाराचा कावा आहे. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट. ‘शिजताना मद्य उडून जाते’ असे सर्रास सांगतात. पण स्लो कुकरचे झाकण बंद असते, वाफ आतच खेळते, आणि मद्याचा काही अंश रश्शात राहतोच. घरात लहान मुले असतील किंवा कोणी मद्य सोडलेला असेल, तर त्याच्या ताटात काय वाढतो आहोत, याचा विचार गृहिणीने करावा. स्टाउटचा कडवटपणाही या भांड्यात जातच नाही, आणि मग तो लपवण्यासाठी साखर घालावी लागते. त्यापेक्षा हाडांचा चांगला रस घाला; पदार्थाचे काहीही बिघडत नाही.

उरले ते भांडे, ज्याला सारे नावे ठेवतात. आयर्लंडच्या जुन्या घरात भट्टी नव्हती, ओव्हन नव्हता. होते ते बास्टिबल नावाचे सपाट बुडाचे, तीन पायांचे बिडाचे भांडे. ते निखाऱ्यांवर ठेवायचे किंवा चुलीवर टांगायचे, झाकणावरही निखारे पसरायचे. जळण म्हणजे पीट. दलदलीतून कापून वाळवलेली, सरपणासारखी जळणारी माती. तिची ज्वाला मोठी होत नाही. धग मात्र तासन् तास टिकते. रात्री घरची बाई निखारे राखेखाली झाकून ठेवी, आणि झाकताना संत ब्रिजिदा आणि पवित्र मरिया यांचे नाव घेऊन प्रार्थना म्हणे. सकाळी राख सारली की तीच आग पुन्हा जागी. अशा घरात मांस शिजायचे ते मंद धगीवर, झाकणाखाली, बाई शेतात असताना. मग सांगा, दोन-अडीचशे वॅटची मंद उष्णता चहूबाजूंनी देणारे, झाकण बंद ठेवून दिवसभर शिजवणारे चिनी मातीचे भांडे त्या चुलीच्या जवळचे, की भडकलेल्या गॅसवरचे पातेले?

या यंत्राचा जन्मही गरिबाच्या चुलीतूनच झाला. त्याचा जनक अर्विंग नॅक्सन हा अमेरिकन यहुदी. १९४० साली त्याला पेटंट मिळाले. त्याच्या आईने लहानपणी लिथुएनियात पाहिलेली गोष्ट त्याला सांगितली होती. यहुदी धर्मात शाब्बाथच्या दिवशी आग पेटवणे निषिद्ध. म्हणून शुक्रवारी सायंकाळी बायका मांस, कडधान्य आणि बटाटे यांनी भरलेले भांडे गावातील पाववाल्याच्या भट्टीत ठेवीत. निवत जाणाऱ्या भट्टीच्या उष्णतेत ते रात्रभर शिजे, आणि शाब्बाथला कोणी काम न करता घराला ऊन जेवण मिळे. या पदार्थाचे नाव चोलेंट. नॅक्सनचे यंत्र पुढे एका कारखानदाराने विकत घेतले आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. दिवसभर नोकरी करणाऱ्या बायकांच्या घरात ते झपाट्याने पोहोचले. ज्या यंत्राच्या मुळाशी शाब्बाथची विश्रांती आणि कष्टकरी बाईची सोय आहे, त्याला ‘आळशी बाईचे भांडे’ म्हणणाऱ्याने स्वतः किती दिवस चूल फुंकली, हे विचारायला हवे.

पण भांड्याचे समर्थन करतो म्हणून ‘सर्व टाका आणि जा’ या कृतीचे समर्थन मी करणार नाही. मंद धग ही सबब नव्हे. तिचेही नियम आहेत.

पहिला नियम मांसाचा. कोवळे, महागडे, चरबी नसलेले मांस या भांड्यात घालणे म्हणजे पैसे आणि मांस दोन्ही फुकट घालवणे. ते आठ तासांत सुक्या दोरीसारखे होते. येथे लागते ते पायाच्या नळीचे, मानेचे, खांद्याचे चिवट मांस. त्यातील कोलॅजन नावाचा चिवट धागा सत्तर अंशांपुढील उष्णतेत हळूहळू विरघळतो आणि त्याचे जिलेटिन होते. तोच रश्शाचा दाटपणा आणि तोच मांसाचा लुसलुशीतपणा. गरिबाला जे स्वस्त म्हणून घ्यावे लागले, तेच या पदार्थाला योग्य आहे. हा काही योगायोग नव्हे. पदार्थ जन्मला तोच त्या मांसासाठी.

दुसरा नियम परतण्याचा. सहा माणसांसाठी किलोभर मांसाचे दीड इंचाचे तुकडे करावेत, कोरडे पुसावेत, मीठ आणि दोन चमचे मैदा लावून तापल्या तव्यात थोडे थोडे करून तपकिरी होईतो परतावेत. हे काम स्लो कुकर करीत नाही. त्यात ओलसर उष्णता असते, तपकिरी रंग आणि भाजल्याची चव तिच्यातून येत नाही. तव्याला चिकटलेले खरपूस पाण्याने सोडवून तेही भांड्यात ओतावे.

तिसरा नियम थरांचा. या भांड्यात कंदमुळे मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून ती तळाशी. किलोभर बटाट्यांपैकी निम्म्यांच्या पातळ चकत्या अगदी खाली घालाव्यात. त्या विरघळून रस्सा घट्ट करतील. उरलेल्यांच्या मोठ्या फोडी कराव्यात, त्या अखंड राहतील. तीन मोठे कांदे, तीन-चार गाजरे, मूठभर जव, वर मांस, थाइमची एखादी काडी. पाणी किंवा हाडांचा रस अर्धा लिटर पुरे. वाफ बाहेर जात नसल्याने जास्त घातले तर सोयेचे सूप होईल. टोमॅटो किंवा व्हिनेगर यांसारखे आंबट काही आरंभी घालू नये. आंबटाने बटाटा शिजण्यास फार वेळ लागतो. भांडे निम्म्याहून अधिक, पण काठोकाठ नव्हे, इतके भरावे.

चौथा नियम संयमाचा. मंद खुणेवर आठ ते नऊ तास, आणि मध्ये झाकण उघडायचे नाही. एकदा उघडले की कोंडलेली उष्णता निघून जाते आणि वीस-तीस मिनिटे वाया जातात. गोठलेले मांस थेट घालू नये. ते रोगजंतूंना सोयीच्या कोमट अवस्थेत फार वेळ राहते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत थंड जागी ठेवावे. सारे मिळून वीज लागते ती दीड-दोन युनिट.

आमच्याकडची गृहिणी विचारील, की प्रेशर कुकर असताना हा खटाटोप कशाला? प्रेशर कुकरमध्ये तेच मांस पाऊण तासात मऊ होते, हे खरे. ज्याला घाई आहे त्याने खुशाल तसे करावे. स्लो कुकरचा लाभ वेगळा आहे. पहाटेची गाडी पकडणाऱ्या बाईने निघताना तो लावला, की सायंकाळी दमून आल्यावर शिट्ट्या मोजत उभे राहावे लागत नाही.

मांसाविषयीही येथल्या वाचकाने खंत करू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे, म्हणून येथे कोणी हा पदार्थ म्हशीच्या मांसाचा करतो, कोणी मटणाचा. म्हशीचे मांस या मंद धगीला उत्तम मानवते. आणि मटण घालणाऱ्याला कोणी ‘हा खरा आयरिश नव्हे’ म्हणून हिणवले, तर त्याने शांतपणे सांगावे, की गोमांसाच्या आधीचा, मूळ नावाचा मानकरी त्याच्या मटणाच्या स्ट्यूच्याच अधिक जवळचा आहे.

माझे मागणे फार नाही. पदार्थ करा, पोटभर खा, पाहुण्यांना वाढा. पण मुलाने विचारले, ‘हे आयरिश का?’, तर हिरवी फीत आणि काळी बाटली दाखवू नका. त्याला ११५ ग्रॅम मांस आणि नऊ लिटर पाणी यांचे प्रमाण सांगा. साखळीने बांधलेला चमचा सांगा. राखेखाली निखारा झाकताना प्रार्थना म्हणणारी बाई सांगा. आणि जेवणाआधीची प्रार्थना त्यानंतर म्हणा.